बॅच नसतानाचं काम

दहावीचा शेवटचा पेपर झाला की कुळगाव-बदलापूरमधल्या शिकवणीवर्गांत दोन तऱ्हा दिसतात. काही गाळ्यांची शटरं खाली येतात ती थेट जूनमध्ये वर जातात. उरलेल्यांवर नवे फ्लेक्स चढतात: व्हेकेशन बॅच, फाउंडेशन बॅच, अमुक तारखेपर्यंत प्रवेश घेणाऱ्यांना फीमध्ये सवलत. दोन्हींच्या मागचा समज एकच आहे. विद्यार्थी नाहीत म्हणजे काम नाही, तेव्हा सुट्टी घ्या, नाहीतर विद्यार्थी आणा. स्वतंत्रपणे शिकवणाऱ्यांना जाणते लोक सल्ला देतात तोही याच जातीचा असतो. मंदीत जाहिरात करा, ओळखी वाढवा, पुढच्या हंगामाची पेरणी करा.

मला हा समज उथळ वाटतो. माझं म्हणणं असं की शिकवण्याच्या कामाचा एक मोठा भाग विद्यार्थी समोर असताना करताच येत नाही. तो भाग राहून गेला की वर्गातलं शिकवणं वर्षागणिक खालावत जातं आणि ते खुद्द शिकवणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. म्हणून मंदीतला वेळ सर्वांत आधी स्वतःचं शिकवणं तपासण्यावर आणि दुरुस्त करण्यावर खर्च व्हायला हवा. विद्यार्थी मिळवण्याची धडपड त्याच्यानंतर.

स्वतंत्र शिक्षक म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर मोठ्या साखळी क्लासेसचे पगारी शिक्षक नाहीत. घराच्या हॉलमध्ये दहावीचं गणित शिकवणाऱ्या मॅडम, हार्मोनियमचे सर, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुलं बसवणारे चित्रकलेचे शिक्षक, टायपिंग इन्स्टिट्यूट चालवणारे, इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेणारे, अशी ही माणसं आहेत. अभ्यासक्रम यांनीच आखायचा, फी यांनीच ठरवायची, भाडं यांनीच भरायचं.

१. मंदी एक नसते

सगळ्या रिकाम्या वेळेला एकाच नावानं हाक मारली की पहिली चूक होते. कुळगाव-बदलापूरमधल्या शिक्षकाच्या वाट्याला किमान तीन प्रकारचा रिकामा वेळ येतो आणि तिन्हींचा स्वभाव वेगळा असतो.

पहिला रोजचा. बदलापूर स्टेशन छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ६८ किलोमीटरवर आहे. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीत ९७,९४८ लोक होते, २०११ मध्ये ते १,७४,२२६ झाले. ही वाढ मुख्यतः मुंबई-ठाण्यात घर न परवडणाऱ्या नोकरदार कुटुंबांची. आई-बाप सकाळची लोकल पकडतात आणि दिवेलागणीनंतर परततात. शाळा बहुधा दोन सत्रांत. त्यामुळे क्लासच्या बॅचेस सकाळी लवकर आणि मग दुपारी चारनंतर भरतात. मधले चार-पाच तास वर्ग रिकामा असतो. हा वेळ रोज मिळतो, पण तुकड्यानं मिळतो. त्यात नवा विषय शिकून होत नाही. पाच वह्या नीट वाचून मात्र होतात.

दुसरा रिकामा वेळ हंगामी. शालेय शिकवणीत तो मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत असतो, शिवाय गणपतीचा आठवडा आणि दिवाळी. इथली कितीतरी घरं मूळची कोकणातली, त्यामुळे गणपतीत आणि मे महिन्यात निम्मी बॅच गावाला असते. पण सगळ्या विषयांचं पंचांग एक नाही. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, त्यामुळे संगीतशिक्षकाकडे दर परीक्षेनंतर एक छोटी ओहोटी येते. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा पावसाळ्याच्या अखेरीला, मग तिथला शिक्षक हिवाळ्यात मोकळा होतो. पावसाचं आणखी वेगळं. उल्हास नदी चढली की पश्चिमेकडच्या सखल वस्त्यांत पाणी शिरतं, कल्याण-कर्जत मार्गावर गाड्या थांबतात आणि वर्गात चार-पाच मुलं येतात. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली, त्या आठवड्यात कोणाकडे कसल्या बॅचेस होणार होत्या!

तिसरा रिकामा वेळ सगळ्यांत अवघड. हंगाम चालू आहे आणि तरीही विद्यार्थी येत नाहीत. या मंदीकडे मी शेवटी येईन, कारण तिचं उत्तर पहिल्या दोन मंदींत काय केलं यावर अवलंबून असतं.

२. पुरावा हाती येतो तो मंदीतच

हंगामात शिक्षकाला आपलं शिकवणं का दिसत नाही, याचं कारण आळस हे नाही. रचनाच तशी आहे. वर्ग चालू असताना त्याचं लक्ष पोर्शनवर असतं, घड्याळावर असतं, मागच्या बाकावरच्या कुजबुजीवर असतं. मुलांनी मान डोलावली की त्याला वाटतं, समजलं. मान डोलावणं हा समजल्याचा पुरावा होत नाही, मुलाला घरी जायची घाई असल्याचाही तो असू शकतो. चाचणी परीक्षांचे गुण हाती येतात, पण त्या चाचण्या त्यानंच काढलेल्या आणि त्याच्याच पद्धतीनं सोडवायच्या असतात. ज्या गोष्टीवर त्यानं वर्गात भर दिला तीच तो विचारतो आणि तिचं उत्तर बरोबर आलं की खूश होतो. या वर्तुळाला बाहेरून कुठेही छेद जात नाही.

बाहेरचा पुरावा येतो तो हंगाम संपल्यावर. २०२५ मध्ये राज्य मंडळाची दहावीची परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू झाली, १७ मार्चला संपली आणि निकाल १३ मेला लागला. निकालानंतर विद्यार्थी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागू शकतो, पुनर्मूल्यांकनासाठी तर ती आधी घ्यावीच लागते. आपल्याकडे छायाप्रतीचा उपयोग फक्त दोन-चार गुण वाढवून घेण्यापुरता होतो. खरं तर शिक्षकाच्या दृष्टीनं एवढा मोलाचा कागद दुसरा नाही. अनोळखी प्रश्न, अनोळखी परीक्षक, मदतीला कोणी नाही, अशा स्थितीत आपण शिकवलेला मुलगा नेमका कुठे अडला हे त्यात त्याच्याच अक्षरात लिहिलेलं असतं. अशा तीन-चार प्रती मिळाल्या, मुलांच्या आणि पालकांच्या संमतीनं, तर वर्षभराच्या चाचण्यांनी जे सांगितलं नाही ते एका दुपारी कळतं.

म्हणजे परीक्षेचं वेळापत्रकच असं आहे की शिकवण्याचा खरा हिशेब मेमध्ये शिक्षकाच्या टेबलावर येऊन पडतो. नेमक्या त्याच वेळी तो एकतर गावाला असतो किंवा नव्या बॅचचे फोन घेत असतो. निकालातून तो उचलतो काय, तर फ्लेक्सवर फोटो छापण्यासाठी नव्वद टक्क्यांवरची नावं. बासष्ट टक्केवाल्याची उत्तरपत्रिका कोणी उघडत नाही. नव्वद टक्केवाला बहुधा कोणाकडेही शिकला असता तरी नव्वदच्या आसपासच राहिला असता. शिकवण्याचा परिणाम झाला की नाही, हे बासष्टवाल्याच्या कागदावर दिसतं.

३. एक उणे चिन्ह

हे किती बारीक काम आहे ते एका उदाहरणानं दाखवतो. दहावीच्या बीजगणितात वर्गसमीकरणं सूत्रानं सोडवायची असतात. समजा समीकरण आहे २x² − ७x + ६ = ०. इथे a = २, b = −७, c = ६. b² − ४ac ची किंमत ४९ − ४८, म्हणजे १. सूत्रात −b आहे, b स्वतःच −७ आहे, म्हणून −b म्हणजे +७. उत्तरं येतात २ आणि ३/२. आता वह्या उघडा. बऱ्याच मुलांनी −b च्या जागी −७ लिहिलेलं असतं आणि उत्तरं −२ आणि −३/२ काढलेली असतात. शिक्षक लाल पेनानं गोल करतो, शेजारी ‘चिन्ह!’ असं लिहितो आणि पुढच्या वहीकडे वळतो. हंगामात यापेक्षा जास्त त्याला शक्यही नसतं. संध्याकाळच्या दोन बॅचेसच्या वह्या रात्री तपासायच्या असतात.

मे महिन्यात त्याच वह्या एकाशेजारी एक ठेवल्या की प्रश्न बदलतो. चूक एका मुलाची असती तर तो निष्काळजीपणा म्हणता आला असता. पंधरा वह्यांत तीच चूक असेल तर ती कुठून आली हे शोधावं लागतं. मग दिसतं की यांतल्या बहुतेकांना a, b, c च्या किमती लिहितानाच अडचण आहे. ते उणे चिन्हाला ‘वजा करा’ अशी आज्ञा समजतात, संख्येचा भाग समजत नाहीत. ही गाठ सहावी-सातवीत पूर्णांक संख्या शिकताना पडलेली असते. आणि फळ्यावर शिकवताना ‘b इथे सात, चिन्हाचं नंतर बघू’ असं घाईत म्हणणारा शिक्षक ती गाठ आणखी घट्ट करतो. शिवाय आणखी एक गोष्ट दिसते. कोणीच उत्तर मूळ समीकरणात घालून पाहिलेलं नाही. −२ घालून पाहिलं असतं तर ८ + १४ + ६, म्हणजे २८ आलं असतं, शून्य नाही. ताळा करण्याची सवयच कोणी लावलेली नाही.

आता यावर उपाय ठरवता येतो. वर्गसमीकरणाच्या आधीचा एक तास फक्त चिन्हांवर. किमती लिहिताना ऋण संख्या कंसात लिहिण्याची सक्ती. ताळा केल्याशिवाय उदाहरण पूर्ण मानायचं नाही हा नियम. हे तीन बदल किरकोळ दिसतात, पण पुढच्या सगळ्या बॅचला ते उपयोगी पडतात. ते नोव्हेंबरात सुचत नाहीत, कारण नोव्हेंबरात तो धडा मागे पडलेला असतो आणि अंकगणिती श्रेढी चालू असते.

अशा चुकांची एक वही शिक्षकानं स्वतःसाठी ठेवावी. प्रकरणवार, प्रत्येक चुकीचं मूळ काय असावं याच्या अंदाजासह आणि पुढच्या वर्षी त्या अंदाजाचं काय झालं याच्या नोंदीसह. ही कल्पना गणितापुरती नाही. हार्मोनियमच्या शिक्षकाला कोणत्या तानेत बोटं अडकतात ते लिहिता येईल, टायपिंगच्या शिक्षकाला कोणत्या अक्षरजोडीला वेग पडतो ते लिहिता येईल.

यातच आशय अद्ययावत ठेवण्याचं काम येतं. दहावीचं सध्याचं गणिताचं पुस्तक २०१८ मध्ये आलं. त्यातल्या अर्थनियोजनाच्या प्रकरणात जीएसटीचे ५, १२, १८, २८ टक्के असे टप्पे आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून देशात १२ आणि २८ चे टप्पे जवळपास हद्दपार झाले, मुख्य दर ५ आणि १८ राहिले. मुलानं घरच्या बिलावर एक दर पाहिला आणि पुस्तकात दुसरा वाचला की तो विचारणार. परीक्षेत प्रश्नात दिलेला दरच घ्यायचा हे त्याला सांगावं लागेल, आणि दर का बदलले हेही. ज्या शिक्षकानं दिवाळीच्या सुट्टीत हे प्रकरण पुन्हा वाचून काढलं त्याच्यासाठी ती संधी, बाकीच्यांसाठी अडचण. आणखी मोठा बदल पुढे आहेच. नवा राज्य अभ्यासक्रम २०२५-२६ मध्ये पहिलीपासून लागू झाला आहे आणि टप्प्याटप्प्यानं वर चढणार आहे.

४. तपासणारं दुसरं कोणी नाही

शाळेतल्या शिक्षकाच्या मागे काही ना काही यंत्रणा असते. मुख्याध्यापक तासाला येऊन बसतात, विषयशिक्षकांची बैठक होते, प्रशिक्षणं होतात, बी.एड. असतं. ती यंत्रणा अनेकदा कागदोपत्री असते हे मान्य. तरी ती आहे. स्वतंत्र शिक्षकाला यातलं काहीच नाही. केंद्रीय शिक्षण मंत्रालयानं जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग सेंटरांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नको, शिकवणारा किमान पदवीधर हवा, असं त्यांत म्हटलं आहे. पण त्या तत्त्वांत कोचिंग सेंटरची व्याख्याच ५० पेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या केंद्राची आहे. तीस-चाळीस मुलांची घरगुती शिकवणी त्या व्याख्येत येत नाही.

मी हा नियम बदला असं म्हणत नाही. छोट्या शिकवण्यांवर निरीक्षक नेमून भलं होईल असं मला वाटत नाही. पण मग जबाबदारी कोणावर येते? पालकांवर टाकता येत नाही. सकाळची गाडी पकडून रात्री परतणाऱ्या बापाला मुलाच्या वहीत −b कसं लिहिलंय ते पाहायला वेळ नसतो, आणि आला तरी समजेलच असं नाही. तो विश्वासानं फी भरतो. ती फी दहा महिन्यांच्या तासांची आहे असं आपण समजतो. माझ्या मते ती त्या तासांमागच्या तयारीचीही आहे. ती तयारी न करता फी घेणं म्हणजे अर्ध्या कामाचे पूर्ण पैसे घेणं.

५. अनध्याय आणि भातखंडे

न शिकवण्याचे दिवस शिकवण्याच्या व्यवस्थेतच बसवलेले असावेत, ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. वेदपाठशाळांत अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या हे अनध्यायाचे दिवस असत. मेघगर्जना झाली तरी पाठ थांबे. त्याहून लक्षात घेण्याजोगी रचना वर्षाची आहे. मनुस्मृतीप्रमाणे पाठारंभाच्या उपाकर्म विधीपासून पाठसमाप्तीच्या उत्सर्जन विधीपर्यंतचे साडेचार महिने वेदपाठाचे, आणि त्यानंतर शुक्ल पक्षात वेद व कृष्ण पक्षात वेदांगं, म्हणजे व्याकरण, छंद, ज्योतिष वगैरे. मुख्य पाठ थांबला की मुख्य पाठाला आधार देणाऱ्या विद्यांकडे वळायचं. त्या पाठशाळा मूठभरांसाठीच होत्या, स्त्रियांना आणि बहुजनांना तिथे दार बंद होतं, हे विसरून त्यांचं गुणगान करण्यात अर्थ नाही. पण मोकळ्या काळात मूळ विषयाची बैठक पक्की करायची, ही त्यांच्या वर्षाची आखणी घेण्याजोगी आहे.

जवळचं उदाहरण विष्णू नारायण भातखंडे यांचं. १८६० मध्ये मुंबईत जन्मलेले भातखंडे पेशानं वकील. गायन उत्तेजक मंडळी या संस्थेत ते शिकले आणि पुढे तिथेच शिकवू लागले. शिकवताना त्यांना जाणवलं की एकेका रागाबद्दल घराण्याघराण्यांत मतभेद आहेत आणि विद्यार्थ्याला देण्यासारखी सुसंगत मांडणी हाताशी नाही. तेव्हा त्यांनी काय केलं? ते हिंडले. १९०४ मध्ये दक्षिणेत गेले, एट्टयापुरमला संगीतज्ञ सुब्बराम दीक्षितांना भेटले. पुढच्या काही वर्षांत नागपूर, कोलकाता, हैदराबाद झालं, मग अलाहाबाद, बनारस, लखनौ, दिल्ली, जयपूर. जाताना ते प्रश्नांची यादी घेऊन जात, येताना टिपणं आणि ग्रंथांच्या नकला आणत. दक्षिणेतल्या ७२ मेळांच्या पद्धतीचा अभ्यास झाला आणि हिंदुस्थानी रागांची दहा थाटांत मांडणी करणं त्यांना शक्य झालं. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा त्यांचा मराठी ग्रंथ गुरू-शिष्यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात आहे, आणि क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग आजही संगीतवर्गांत वापरले जातात. थाटपद्धतीवर टीका झाली, अजून होते, ती बरीचशी योग्यही आहे. मला महत्त्वाचं वाटतं ते असं की वर्गात अडलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी वर्गाबाहेर जाऊन शोधलं, आणि ते पुन्हा वर्गात आणलं.

प्रत्येकानं देशभर फिरावं असं नाही. कुळगावच्या शिक्षकानं अंबरनाथच्या एखाद्या जुन्या शिक्षकाकडे दोन दुपारी जाऊन बसावं, ‘तुम्ही हे कसं शिकवता’ असं विचारावं, एवढंही आपल्याकडे घडत नाही. सगळे एकमेकांना प्रतिस्पर्धी समजतात. शाळेतल्या शिक्षकाला ती सोय स्टाफरूममध्ये फुकट मिळते.

६. आक्षेप

पहिला आक्षेप पोटाचा, आणि तो खरा आहे. दोन-अडीच महिने फी नाही, गाळ्याचं भाडं चालू, घराचा हप्ता चालू. वह्या वाचत बसायला कोणाला परवडतं? उत्तरासाठी एक कल्पित हिशेब मांडतो. चाळीस मुलं, महिना एक हजार, दहा महिने: चार लाख. भाडं महिना आठ हजार, बारा महिन्यांचे ९६ हजार. हाती राहिले ३ लाख ४ हजार. याला बारानं भागलं तर महिन्याला सुमारे २५ हजार ३०० येतात. पण हंगामात हाती ३२ हजार दिसतात आणि घर त्या आकड्यावर चालायला लागतं. मग एप्रिलमध्ये खड्डा पडतो आणि तो भरायला मिळेल ती बॅच घ्यावी लागते. म्हणजे मंदीतला वेळ हातून जातो तो जूनमध्येच. स्वतंत्र शिक्षकानं मंदीची तजवीज हंगामात करायला हवी आणि फी ठरवताना बारा महिने धरायला हवेत. ज्याची मिळकत इतकी कमी आहे की बारानं भागून घरच चालत नाही, त्याच्यापुढे माझा हा सल्ला लंगडा पडतो, हे कबूल करायला हवं. त्यानं मेमध्ये दुसरं काम घ्यावं. तरी रोजची एक दुपार वाचवता आली तर वाचवावी.

दुसरा आक्षेप स्पर्धेचा. मी एप्रिलमध्ये दहावीची व्हेकेशन बॅच घेतली नाही तर शेजारचा घेईल आणि मुलं तिकडे जातील. यातही तथ्य आहे. मुलं जातात. म्हणून व्हेकेशन बॅच घेऊच नका असं मी म्हणणार नाही. सकाळचे दोन तास ती चालू द्या. पण गेल्या वर्षीच्या वह्या न पाहता घेतलेली व्हेकेशन बॅच म्हणजे त्याच चुका दोन महिने आधी शिकवणं. आणि इथे पालक क्लास कसा निवडतात तेही पाहायला हवं. फ्लेक्स पाहून फोन येतात, प्रवेश मात्र बहुतेक वेळा सोसायटीतल्या शेजाऱ्याला विचारून होतो: ‘तुमचा मुलगा जायचा ना तिकडे? कसं शिकवतात?’ त्या शेजाऱ्याचं उत्तर गेल्या वर्षीच्या वर्गात ठरलेलं असतं. नव्यानं सुरू करणाऱ्याला अर्थात असा शेजारी नसतो. त्याला दारोदार जावं लागेल, त्यात कमीपणा नाही.

तिसरा आक्षेप जरा वरच्या पातळीवरचा आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे फर्ग्युसनमध्ये प्राध्यापक असताना सुट्ट्यांत अनाथ बालिकाश्रमासाठी वर्गणी गोळा करत गावोगाव हिंडले. मग विद्यार्थी जमवण्यासाठी, पैसा उभा करण्यासाठी हिंडणं कमी दर्जाचं कसं? ते कमी दर्जाचं नाहीच. पण कर्वे १८९६ पासून जे काम उभं करत होते ते लोकांना माहीत नव्हतं, माहीत झालं तर अनेकांना मान्य नव्हतं, आणि ते काम सांगितल्याशिवाय पुढे जाणार नव्हतं. सांगण्यासारखं काही आधी त्यांच्याकडे होतं. आपल्या डेमो लेक्चरमध्ये सांगण्यासारखं नवं काय आहे, हा प्रश्न त्यामुळे आणखी टोकदार होतो.

विश्रांतीबद्दल वाद नाही. दिवसाला पाच-सहा तास मोठ्यानं बोलणाऱ्याचा घसा आणि डोकं दोन्ही थकतात. दोन-तीन आठवडे पूर्ण बंद ठेवावेत, अपराधी न वाटता.

आणखी एक आक्षेप उल्हासनगरच्या कपडा बाजाराचं नाव घेऊन केला जातो: व्यापारी बघा, मंदी आली की सेल लावतो, बसून राहत नाही. पण तोच व्यापारी मंदीत माल मोजतो, कोणता कट खपला आणि कोणता पडून राहिला ते पाहतो, मग पुढची खरेदी ठरवतो. त्याचं अर्धंच अनुकरण आपण करतो.

७. अर्धा भरलेला वर्ग

पावसात लोकल बंद पडून पाच मुलं आली, तर बहुतेक शिक्षक त्यांना सोडून देतात किंवा पोर्शन रेटतात. रेटलं तर उरलेल्यांसाठी पुन्हा शिकवावं लागतं. त्या दिवशी शिक्षकानं फळ्यापासून दूर बसावं. एकेका मुलाला उदाहरण सोडवायला लावावं, प्रत्येक पायरीला ‘हे का केलंस’ एवढंच विचारावं आणि चुकलं तरी मध्ये पडू नये. पंचवीस मुलांत हे होत नाही. पाचांत होतं. मुलाच्या डोक्यात काय चाललंय ते कानांनी ऐकण्याची ही जवळजवळ एकमेव संधी.

८. कोर्सच संपत आला असेल तर

आता तिसरी मंदी, हंगामातली. तिची कारणं वेगवेगळी असतात. स्टेशनजवळ साखळी क्लास उघडला, मुलं मोबाइलवर शिकू लागली, किंवा जे शिकवतो त्याची गरजच ओसरू लागली. यातलं शेवटचं कारण सगळ्यांत उशिरा लक्षात येतं, आणि त्याचा ठसठशीत नमुना महाराष्ट्रानं पाहिला आहे. टाइपरायटरवरचं टायपिंग. परीक्षा परिषदेच्या शासकीय वाणिज्य प्रमाणपत्रावर कित्येक पिढ्या कारकुनीला लागल्या. तीसचा, चाळीसचा स्पीड काढणाऱ्या मुलामुलींनी गावोगावची इन्स्टिट्यूट सकाळी सहापासून भरलेली असत. २०१७ च्या ऑगस्टमध्ये टाइपरायटरवरची शेवटची परीक्षा झाली आणि ते प्रकरण मिटलं, संगणकावरची टायपिंग परीक्षा तेवढी राहिली.

हा बदल एका रात्रीत आला नाही. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन २००१ मध्येच स्थापन झालं होतं आणि एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाच्या निमित्तानं संगणक गावागावांत पोचले होते. म्हणजे टायपिंगच्या शिक्षकाला जवळपास पंधरा वर्षं मिळाली, पंधरा उन्हाळे आणि पंधरा दिवाळ्या. ज्यांनी त्यांत संगणक शिकून घेतला ते संगणकावरचं टायपिंग शिकवू लागले. यंत्र बदललं तरी बोटांची शिस्त, नजर कागदावर ठेवण्याची सवय, चूक कमी करून मग वेग वाढवण्याचा क्रम, ही त्यांची खरी विद्या होती आणि ती नव्या कळफलकावरही चालली. ज्यांनी ते उन्हाळे नव्या ॲडमिशनच्या मागे घालवले, त्यांच्याकडे शेवटी विकायला मशिनं राहिली.

आज इंग्रजी संभाषणाच्या, साध्या अकाउंटिंगच्या, सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या छोट्या वर्गांपुढे आणि गृहपाठ करून घेण्यापुरत्या शिकवण्यांपुढेही हाच प्रश्न उभा आहे. मुलाच्या हातातला फोन उदाहरण पायरीपायरीनं सोडवून दाखवतो. मग वर्गात आपण जे करतो त्यातलं नेमकं काय तो फोन करू शकत नाही? चुकांची वही असलेल्या शिक्षकाकडे याचं उत्तर असतं, निदान कच्चं तरी. उत्तर सांगणं आणि चुकीचं मूळ शोधणं ही दोन कामं वेगळी आहेत, आणि त्यातलं दुसरं त्याला येतं हे त्याच्या वहीत लिहिलेलं असतं. वही नसलेल्याकडे फक्त पोर्शन असतो.

हा प्रश्न मे महिन्यात विचारला तर जूनच्या बॅचमध्ये काही बदलता येतं. बॅचची वेळ, मुलांची संख्या, शिकवण्याचा क्रम, फी, किंवा कोर्सच. नोव्हेंबरात विचारला तर फी घेऊन झालेली असते आणि मार्चपर्यंत तेच रेटावं लागतं. त्यासाठी वह्या हाताशी हव्यात, आणि परीक्षेनंतर पहिल्या पंधरवड्यात त्या रद्दीत जातात. शेवटच्या तासाला मुलांना सांगून ठेवावं: गणिताची वही आणि चाचण्यांचे पेपर क्लासमध्ये आणून द्या, जूनमध्ये परत नेऊ शकता. बहुतेक मुलं आनंदानं आणून देतात.